मणिबेलीच्या दोन पेट्या

मतदान आटोपून परतताना नावेत पाणी शिरलं तेव्हा लोटन मास्तरांनी आधी पेटी डोक्यावर घेतली, मग देवाचं नाव घेतलं.

"सोडी द्या ती पेटी, मास्तर! आपला जीव वाचाडा!" शिपाई नथ्थू ओरडला. तो दोन्ही हातांनी पाणी उपसत होता.

"पेटी गयी ते मन्हा जीव काय कामना शे?"

दुसरी मतपेटी रायसिंगच्या डोक्यावर होती. रायसिंग मणिबेलीचा कारभारी. मास्तरांचं बोलणं गावाला गावच्या भाषेत सांगणारा तोच एकटा. त्याने नर्मदेत उडी टाकली आणि एका हाताने पेटी धरून दुसऱ्या हाताने नाव काठाला ओढली. पेट्यांवर थेंबही उडाला नव्हता. मास्तर वाळूत बसले आणि हमसून हमसून रडले.

हसू नका त्यांना. पाच वर्षांपूर्वी, पहिल्या निवडणुकीत, मास्तरांच्या ताब्यातल्या पेटीचं सील फुटलेलं निघालं होतं. कुणी फोडलं, कसं फुटलं, देव जाणे. मास्तर आठ महिने निलंबित. बाजारात माणसं त्यांना बघून कुजबुजायची. आता सत्तावन्न सालच्या या निवडणुकीत निवडणुकीच्या साहेबांनी बजावलं होतं, "सीलला केसाएवढी चीर दिसली तर नोकरी विसरा." म्हसावदहून निघताना बायको प्रमिलाबाई ओट्यावर उभी राहून एवढंच म्हणाली होती, "औंदा काही व्हयनं ते मी पोरेस्ले लिसन कोठे जाऊ?"

पोरांना घेऊन कुठे जाऊ, हे तिचे शब्द मास्तरांच्या डोक्यातून जात नव्हते. म्हणूनच मणिबेलीत त्यांनी कसलीच कसूर ठेवली नव्हती. मतदानाच्या सकाळी सगळ्या गावाला मोहाच्या झाडाखाली बसवून त्यांनी घसा फोडून सांगितलं होतं.

"ही मताची चिठ्ठी तुमची. कुणाला दाखवायची नाही, कुणाच्या हातात द्यायची नाही. सावकार मागो, साहेब मागो, उद्या मी मागितली तरी नाही. जीव गेला तरी नाही! एकेकाने पडद्याआड जायचं, आपलं काम करायचं, मुकाट बाहेर यायचं. आणि पेटीला बोट लावलंत तर याद राखा!"

रायसिंगने शब्द न् शब्द सांगितला. पेटीचं सांगताना त्याने मास्तरांसारखे डोळेही वटारले. लोक गंभीर झाले. आजवर त्यांना कागद म्हणून कुणी दिलाच नव्हता. जो आला तो अंगठा उठवून कागद परत घेऊन गेला.

मतदान कसं अगदी देखणं झालं. ना गडबड, ना आरडाओरडा. दोनशे सात माणसं रांगेत आली, बोटाला शाई लावून घेतली, चिठ्ठी घेतली, पडद्याआड पेट्यांपाशी गेली आणि मुकाट बाहेर आली. म्हातारी सोनीबाई तेवढी मास्तरांपुढे थांबली, कमरेवर हात ठेवून काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणते, फिकीर नको करू. तू सांगितलंस तसंच केलं," रायसिंग म्हणाला.

मास्तरांना बरं वाटलं. मतदान संपल्यावर त्यांनी पेट्यांच्या फटींवर स्वतःच्या हाताने लाख ओतली, सह्या केल्या आणि मग दोन घास खाल्ले.

नदी संपली तशी डोंगराची वाट सुरू झाली. मोलगीपर्यंत चालायचं होतं, तिथे जीप येणार होती. फाल्गुनातलं ऊन नुसतं भाजत होतं. दुपारी मास्तरांनी सीलला बोट लावून पाहिलं. लाख मऊ पडत होती.

त्यांनी टोपी भिजवून एका पेटीवर टाकली. अंगातला सदरा काढला, तो भिजवून दुसरीवर. पिण्याचं पाणी होतं तेही घोटाघोटाने त्या कापडांवर शिंपडत ते उघड्या अंगाने चालत राहिले.

"मास्तर, मरी जाशात तुम्ही," नथ्थू कळवळून म्हणाला.

"मरू दे. सील शाबूत ऱ्हावाले जोयजे."

मोलगी दिसायला लागली आणि मास्तर चक्कर येऊन पडले. पडतानाही पेटी छातीशी धरलेली. जीपमध्ये शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी सील चाचपलं, मग पेटी हळूच हलवून पाहिली. आत काही वाजलं नाही. कागदच ते, वाजणार काय?

मतमोजणीच्या ठिकाणी साहेबांनी भिंग लावून दोन्ही पेट्या पाहिल्या. मास्तरही मागून वाकून बघत होते.

"शाब्बास, मास्तर!" साहेब म्हणाले. "इतकं चोख सील आज एकाही पेटीला नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. पाच वर्षांचा डाग पुसला गेला होता. मनातल्या मनात त्यांनी प्रमिलाबाईला सांगूनही टाकलं, की आता कुठे जायला नको.

साहेबांनी सील तोडलं आणि पेटी टेबलावर उपडी केली. काहीच पडलं नाही. त्यांनी दुसरी उपडी केली. तीही रिकामी.

"दोनशे सात मतं कुठायत, मास्तर?"

मास्तरांनी रिकाम्या पेटीत हात घालून पाहिला. ते धडपडत बाहेर आले. जीपमधून बरोबर आलेला रायसिंग भिंतीच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

"रायसिंग... अरे, चिठ्ठ्या? चिठ्ठ्या कुठायत?"

रायसिंग हसला. त्याने फेट्याची गाठ सोडली आणि घडी केलेला कागद बाहेर काढला. "ही माझी. बाकीच्यांच्या ज्याच्या त्याच्या घरी, धान्याच्या कणगीत. एकानेही पेटीला बोट लावलं नाही, मास्तर."

"दे! दे ती इकडे!" मास्तरांनी हात पुढे केला.

रायसिंगने कागद पुन्हा फेट्यात खोचला, गाठ घट्ट मारली आणि मास्तरांसारखे डोळे वटारून म्हणाला, "तू मागितलीस तरी नाही."