तार जोडण्याआधी

त्या वर्षी वायोमिंगमध्ये ज्याच्या त्याच्या ट्रकवर एकमेकांशी बोलायचा रेडिओ बसू लागला होता. बर्फाच्या दिवसांत पुढच्या रस्त्याची खबर त्यावरच मिळायची. म्हणून वेल्डाने नवऱ्याच्या, ऑरिनच्या, मागे लागून तेवीस चॅनेलांचा एक रेडिओ घ्यायला लावला. भर दुपारी, दुकानासमोरच ती ट्रकमध्ये बसून स्क्रू पिळत होती. ऑरिन बाहेर ट्रकच्या पायरीवर उभा राहून आरशाच्या दांडीला अँटेना बांधत होता.

"अँटेनाची तार जोडेपर्यंत बोलायचं बटण दाबू नकोस हं, जळेल!"

"मला शिकवतोयस? दुकानदार सांगत होता तेव्हा तू डोनट चापत होतास."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. तार अजून ऑरिनच्याच हातात होती.

"वेल्डा!"

रेडिओवर कुणी खरं नाव घेत नसे, टोपणनावानंच बोलत. आणि आवाज तर ऑरिनचा होता.

"वेल्डा, मी अजून दुकानातच आहे गं. काउंटरवरच्या रेडिओवरून बोलतोय. तुझ्या पायरीवर कोण चढलंय?"

वेल्डाने खिडकीकडे पाहिलं. तीच लाल टोपी, हनुवटीवरचा तोच व्रण.

"कोण गं हा?" पायरीवरच्या ऑरिननं भाबडेपणानं विचारलं आणि दाराची मूठ फिरवली. "तुझ्या ओळखीचा आहे का?"