वळणापर्यंत

विकलेली गाडी वळणाआड होईपर्यंत कमरेत वाकून उभं राहायचं, ही आमच्या शोरूमची रीत. कंपनीतून रिटायर होऊनही रोज शोरूमला येणारे कुरामोची साहेब तेवढे ताठ उभे राहून बघत राहायचे. आम्ही विकतो ती छोटी गाडी त्यांनीच घडवली. सीटची उंची, पेडल, आरसे, सगळं ठेंगण्या बायकोला, मिहोकोला, पुन्हा पुन्हा बसवून बेतलेलं. गाडी बाजारात यायच्या आधीच ती वारली.

आज मात्र मी चिडलोच. "साहेब, गिऱ्हाईक आरशात बघतं. रिटायर झालात म्हणून काय झालं? जरा वाका की!"

"या गाडीत बसली की कुठलीही बाई मागून तिच्यासारखीच दिसते रे," रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "तिची शववाहिनी निघाली, तेव्हा रीतीप्रमाणे वाकलो होतो. मान वर केली, तर रस्ता रिकामा."