रिकामं वर्ष

“मधलं एक वर्ष रिकामं दिसतंय. काय करत होतात तेव्हा?”

आरसा मॅडम मुलाखत घेणाऱ्याचा आव आणत, तेव्हा विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. विद्यापीठाच्या रोजगार मार्गदर्शन कक्षात त्यांच्या टेबलावर एक आरसा असे, विद्यार्थ्याकडे तोंड करून. उत्तर देताना आपला चेहरा कसा होतो ते ज्याचं त्याने बघावं, ही त्यांची पद्धत. त्यावरूनच मुलांनी त्यांचं बारसं केलं होतं. मॅडमना ते ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. पोरं नोकरीला लागली म्हणजे झालं.

“बाबा आजारी होते,” समोर बसलेली मुलगी म्हणाली. “मी घरी होते, त्यांच्याजवळ. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं. मग ते...” आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने मान खाली घातली.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाई मायेच्या होत्या, पण ओठ थरथरला म्हणून हात हलवत परत आलेली हुशार पोरं त्यांनी पाहिली होती. या मुलीला तर परत येऊन चालणार नव्हतं. विमा कंपनीतली ही नोकरी हातची गेली, तर आईला घेऊन मामाच्या दारात जाण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं.

“हे बघ बाळा,” त्या म्हणाल्या, “तुझं दुःख ऐकलं की समोरची माणसं अवघडतात. अवघडलेला माणूस ‘कळवतो’ म्हणतो आणि कधीच कळवत नाही.”

“मग खोटं सांगू?”

“खोटं कशाला? त्यातलंच कामाचं तेवढं उचलायचं.”

दोघी उचलायला बसल्या. अपरात्री उठून औषधं देणं म्हणजे ‘वेळेचं नियोजन’. डॉक्टरांच्या मागे लागून धड उत्तर मिळवणं म्हणजे ‘संवादकौशल्य’. बाबांनी ताट भिंतीवर भिरकावलं आणि नंतर लहान मुलासारखे रडले, तो दिवस ‘दबावाखाली शांत राहणं’ या सदरात गेला. मॅडम भराभर लिहीत होत्या. उत्तर झकास जमलं होतं. बाबा मात्र त्यात कुठे मावेनात. शेवटी ‘एक कौटुंबिक जबाबदारी’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली.

“आणि हे सगळं हसून सांगायचं. दात दाखवायचे नाहीत, नुसते ओठ. हात मांडीवर. आरशात बघ आणि बोल.”

मुलगी रोज दुपारी येऊ लागली. सुरुवातीला ‘जबाबदारी’ या शब्दावर तिची गाडी अडायची. मॅडम म्हणायच्या, “पुन्हा.” ती डोळे पुसून पुन्हा सुरू करायची. मग एके दिवशी अडली नाही. त्यानंतर कधीच अडली नाही.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी मॅडमनी मुद्दाम कपाळाला आठ्या घालून, एखाद्या साहेबाच्या खवचट आवाजात विचारलं, “वर्षभर घरी बसलात म्हणजे कामाची सवय राहिली नसेल?”

“उलट, सर,” मुलगी म्हणाली. हात मांडीवर, ओठांवर हवं तेवढंच हसू. “एका कौटुंबिक जबाबदारीमुळे त्या वर्षात मी वेळेचं नियोजन शिकले, संयम शिकले, आणि दबावाखाली शांत राहायला शिकले.”

मॅडमनी टेबलावर हात आपटला. “वा! उद्या नाही म्हणायची कोणाची टाप आहे? जा आता, आणि आज लवकर झोप.”

मुलगी उठली नाही.

“मॅडम, काल जेवताना आईने विचारलं. बाबा गेले तेव्हा ती पहाटे दूध आणायला गेली होती, त्यांच्याजवळ मी एकटीच होते. इतके दिवस तिला विचारायचा धीर झाला नव्हता. म्हणाली, शेवटी काही बोलले का गं ते?”

“मग?”

“मी सांगायला लागले. तर आई घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, हसतेस काय?”

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. बाहेर पुढचा विद्यार्थी घसा साफ करत होता. त्यांनी हात लांब करून आरसा टेबलावर पालथा घातला आणि खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी येऊन बसल्या.

“मला सांग,” त्या हळूच म्हणाल्या. “उत्तर म्हणून नको. नुसतं सांग.”

मुलीने पालथ्या आरशाकडे पाहिलं. तिचे हात आपोआप मांडीवर गेले. पाठ ताठ झाली.

“पंखा बंद कर म्हणाले. मी त्यांच्या पायाशी झोपायचे ना खाली, फरशीवर. म्हणाले, पंखा बंद कर, तुला गारठा लागेल. मी उठून बंद केला. परत आले तर...”

आवाज कुठेही अडला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ओठांपर्यंत आलं. ओठांवरचं हसू मात्र शिकवलं होतं तसंच होतं, हवं तेवढंच.

“बरोबर आलं का, मॅडम?” तिने विचारलं.