मैद्याचा गोळा

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, लावा पैज!" थापाड्या आजोबांनी सुरुवात केली. तोवर बेकरीवाल्या बाईंनी खुंटीवरचा अ‍ॅप्रन काढून खांद्यावर टाकलासुद्धा होता. अ‍ॅप्रन आजोबांच्या सुनेचा. सून समोर पलंगावर डोळे मिटून पडलेली. सोमवारपासून बेकरीत तिच्या जागी दुसरी कोणी पीठ मळणार होती.

"ताप आख्ख्या घराला आला," आजोबा म्हणाले. "माझा विषाणू तर माझ्याच गोष्टी ऐकून पळाला. मुलगा आठवड्यात उठला. आणि ही, मैद्याचं पोतं एकटी उचलणारी! वर्ष झालं, केस विंचरले तरी दोन दिवस आडवी."

"अजून विषाणूच का?"

"डॉक्टर म्हणतात, आत कुठेतरी दडी मारून बसला असेल. नाहीतर केव्हाच गेला असेल आणि शरीरच अजून लढत असेल. नक्की त्यांनाही ठाऊक नाही."

"म्हणजे चोर गेला, पहारा चालू!" बाई हसल्या. "आजोबा, तुमच्या थापांवर गल्ली हसते, माझी भट्टी पेटत नाही. परवा दवाखान्याबाहेर उभी होती ही. चांगली हसली माझ्याकडे बघून."

"ते हसू अजून भोवतंय तिला."

बाईंनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला मळलेल्या मैद्याचा गोळा काढला. मळणाऱ्याच्या हाताला पीठ लागलं की तो हात गप्प बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत. सोंग असेल तर तिथेच उघडं पडणार. त्यांनी गोळा सुनेच्या तळव्यावर ठेवला.

"दाब."

बोटं वळली. थरथरली. सुनेने ओठ चावला, कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठ झाली. मग हात पलंगावर पडला.

बाईंनी गोळा उचलून खिडकीशी धरला. बोटांच्या पुसट खुणा. बघता बघता त्याही भरून आल्या. कोणी हात लावलाच नसावा, असा गुळगुळीत गोळा.

आजोबांनीही वाकून गोळा निरखून पाहिला. इतकं त्यांनाही माहीत नव्हतं.

"थंडीने आखडलीत हो बोटं," ते घाईघाईने म्हणाले. "सोमवारी येईल ती कामावर. पोतं उचलेल, बघाच तुम्ही!"

बाईंनी खांद्यावरचा अ‍ॅप्रन काढला आणि पुन्हा खुंटीला अडकवला.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "आज एवढी एकच थाप मारलीत."