सादळलेल्या काड्या

कोल्हापुरात तेव्हा लिक्विड नायट्रोजन मिळायचा तो डेअरीच्या जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात. प्रयोगशाळेतले गुंडूमामा सकाळीच तिथून कॅन घेऊन आले. संशोधन करणाऱ्या श्रुतीताईंना त्यांनी बनवलेली काळी वडी त्यात गार करायची होती; इतकी गार झाली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहायची. वडीतले अणू सारखे थरथरतात आणि त्या थरथरीनंच वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, असं ताईंचं म्हणणं. म्हणून या खेपेला त्यांनी वडीत नेहमीच्या ऐवजी जड अणूंचा ऑक्सिजन घातला होता. थरथर मंदावली की जोड्यांचं काय होतं, ते बघायचं होतं.

कागदावर आलेख काढणाऱ्या यंत्राची सुई वाऱ्यानं हलू नये म्हणून पंखा बंद, खिडक्याही बंद. कॅन आज भलताच धुमसत होता, नायट्रोजनचा वायू होऊन खोलीभर पसरत होता. मामांनी नेहमीसारखी यंत्रापुढं पणती लावली, तर ती विझली. काडी ओढली की फुर्रकन पेटायची आणि लगेच मालवायची. पाच काड्या वाया गेल्या.

"ताई, दिवा पेटंना झालाय की!"

"काड्या सादळल्यात, मामा. ऱ्हाऊ दे," ताई हसल्या. "आता दुपारपर्यंत दार वाजवू नका." मामा बाहेर पडले तशी त्यांनी आतून कडी घातली.

चहा पिऊन मामांनी व्हरांड्यात विडी काढली. त्याच पेटीतली काडी पहिल्याच फटक्यात पेटली आणि बोटाला चटका बसेपर्यंत जळत राहिली.

विडी टाकून मामा दाराकडं धावले. तरुणपणी ते विहिरी खोदायचे. आधी कंदील खाली सोडायचा, तो विझला तर खाली श्वासापुरती हवा नाही, माणूस उतरवायचा नाही.

"ताई, कडी काढा! ओ ताई!"



दाराआड यंत्राची सुई तेवढी कागदावर खरखरत होती.