चढण

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या कम्युनिटी कॉलेजात, कॅल्क्युलसच्या वर्गात सत्तरीच्या मार्लिसबाई पहिल्या बाकावर बसत. तास संपला की मुलं पळत आणि त्या सावकाश कोट चढवत राहत. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी त्या फळ्यापाशी थांबल्या.

"ट्रॅव्हिस, वक्र वर चाललाय आणि तरी सेकंड डेरिव्हेटिव्ह मायनस, हे कसं?"

तरुण शिक्षकाने पालथ्या वाटीसारखा वक्र काढला. "हे बघा. चढतोय खरा, पण चढायचा जोर कमी होत चाललाय. असंच राहिलं तर इथे माथा येणार, आणि मग नुसता उतार." तो हसला. "परीक्षेला एवढं खोलात विचारत नाहीत. उगाच डोकं शिणवू नका."

"परीक्षेसाठी नाही विचारलं." त्यांनी चढत्या रेघेवर बोट ठेवलं. "माझा नवरा ऑरविल शाळेत गणित शिकवायचा. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो उठून बसला, थोडं सूपही प्यायला. मी विचारलं, आज कसं वाटतंय? तर म्हणाला, 'चढतोय गं मार्लिस, पण सेकंड डेरिव्हेटिव्ह मायनस आहे.'"

ट्रॅव्हिसने मार्कर खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मला त्यातलं 'चढतोय' तेवढंच कळलं. त्याचा पापा घेतला आणि खुशीत घरी गेले, तो परत येणार म्हणून त्याची खोली झाडायला."