मालकांची अट

"बघण्याची फी वेगळी असते, ताई," एजंट म्हणाला.

"बघण्याची?"

"तपासणी शुल्क. माणूस येतो, छत बघतो, फोटो काढतो. फुकट कोण येणार?"

त्याचा माणूस आला होता, हे खरं. सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यानं मान वर केली, "ओल आहे" म्हणाला आणि चालता झाला. ओल आहे हे तिला पलंगाच्या पायथ्याशी बादली ठेवावी लागली तेव्हापासून ठाऊक होतं.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर परक्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि संध्याकाळी या माणसापुढे दातओठ खात बसायचं, असा अलीकडे तिचा क्रमच झाला होता. देखभाल शुल्क तो भाड्याबरोबर न चुकता घ्यायचा. देखभाल मात्र अजून कोणाच्या दृष्टीस पडली नव्हती. करार नवा केला, त्याची फी. दुसरी किल्ली दिली, तिची फी. आता बघण्याचीही फी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला मालकांचा नंबर द्या. मीच बोलते."

"मालक कोणाशी बोलत नाहीत. सगळं माझ्यामार्फत. घर देतानाच सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं. फोनही त्याचाच आला होता, आपणहून. भाडं आसपासच्या मानानं निम्मं, पण मालकांची एक अट होती: भाडेकरूच्या घरात वयस्कर माणूस हवं. अशी घरं नीटनेटकी राहतात म्हणे. नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना मोठ्या दिरांकडून घेऊन आले. तिथे त्या स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात झोपायच्या. "आई, तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं," असं नवऱ्यानं तोंडभरून सांगितलं होतं. ते आठवलं की तिला अजूनही लाज वाटायची.

ती घरी आली तेव्हा सासूबाई बादली रिकामी करत होत्या.

"काय म्हणाला?"

"छत बघायचे पैसे मागतोय. मी तर रोज बघते, मला कोण देतं?"

सासूबाई हसल्या नाहीत. "राहू दे गं. मालकाचीही काही अडचण असेल."

"आई, त्या मालकाचा तुम्हाला एवढा कळवळा कशाला? तो कुठेतरी मजेत लोळत असेल आणि तुम्ही इथे खोकताय!"

सासूबाई फडकं घेऊन दाराची कडी पुसायला लागल्या. भाड्याच्या घराला एवढं जपणारी बाई तिनं दुसरी पाहिली नव्हती. भिंतीत साधा खिळा ठोकू द्यायच्या नाहीत. सासऱ्यांच्या मागे स्वतःचं घर विकलं तेव्हा "देणी होती, गेले पैसे" एवढंच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. आणि या भिंतींसाठी मात्र जीव टाकायच्या.

रविवारी छताचा पोपडा सुटून सासूबाईंच्या उशीवर पडला. त्या नुकत्याच उठल्या होत्या म्हणून वाचल्या.

"बस झालं. चला, आई. आता तुम्हीच चला."

"मला कशाला नेतेस?"

"त्याला तुमचा खोकला ऐकू दे."

सासूबाई कधी नव्हे त्या अडून बसल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या, गुडघा दुखतोय म्हणाल्या. शेवटी तिनं चपला आणून पायापाशी ठेवल्या तेव्हा निघाल्या.

एजंटाचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. भिंतीवर किल्ल्यांचे जुडगे आणि मधोमध काचेचं टेबल. सासूबाई दिसताच तो चटकन उठून उभा राहिला. मग सावकाश बसला.

"बरं झालं आलात. कालच मालकांशी बोललो." त्यानं एकदा सासूबाईंकडे बघितलं. "सारख्या तक्रारी करणारे भाडेकरू नकोत म्हणतात. राहिलेली फी भरा आणि ओलीचा विषय सोडा. नाहीतर महिनाअखेर घर रिकामं करा."

एवढ्या भाड्यात दुसरीकडे एकच खोली मिळणार होती. नवरा गेल्या आठवड्यात हळूच म्हणालाही होता, तशी वेळ आली तर आईला दादाकडे पाठवू. सासूबाईंनी ते ऐकलं असावं. त्यानंतर त्यांची कपड्यांची पिशवी भरूनच असायची.

"तसं बघितलं तर तुमचाच फायदा आहे," एजंट म्हणाला. "दुसरीकडे आजींची अट नसेल. एक माणूस कमी, तेवढी जागा कमी लागेल."

"तोंड सांभाळून बोला!" ती उभी राहिली. "सोडते मी घर. तुमची फी तुम्हाला लखलाभ. आम्ही एका खोलीत दाटीवाटीनं राहू, पण आई आमच्याबरोबरच येतील. त्यांना परत त्या बोळात झोपायला मी पाठवणार नाही. कोणाची अट असो नाहीतर नसो."

सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"जशी तुमची मर्जी," एजंटानं फोन हातात घेतला. "मालकांना तसं कळवतो."

सासूबाई टेबलाला धरून उठल्या.

"फोन कशाला करतोस? मी इथेच आहे. माझ्या सुनेला घराबाहेर काढ, असं मी तुला कधी सांगितलं रे?"